रुमालाखालची करंगळी

विसरवाडीच्या जालमभाऊने मला फसवलं नाही. मला फसवलं ते माझ्या सख्ख्या थोरल्या काकांनी. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण मधले कित्येक महिने मी बाजारात नेमकं उलटं सांगत फिरलो आणि लोकांनी ते ऐकूनही घेतलं.

मी बैलांचा व्यापारी आहे. लोणखेड्याजवळच्या गावात राहतो, पण माझा खरा बाजार खांडबाऱ्याचा. सुरुवातीला दुसऱ्यांची जनावरं पायी हाकत नेत होतो, आज माझ्या स्वतःच्या दावणीला जोड्या उभ्या असतात. वडिलांकडून मला काही मिळालं नाही असं मी नेहमी अभिमानाने सांगायचो. काय मिळालं होतं ते आता कळलं आहे आणि त्याबद्दलच लिहितो आहे. ज्यांना हा आजार आहे, किंवा आहे पण ठाऊक नाही, त्यांच्या उपयोगी पडावं एवढाच हेतू. थोडा रागही आहे. तो लपवत नाही.

सौदा

आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे उजवे हात एका रुमालाखाली जातात. विकणारा घेणाऱ्याची जितकी बोटं धरेल तितका भाव. घेणाऱ्याला पटलं नाही तर तो उलट कमी बोटं धरतो. तोंडाने मात्र दोघं मुलाबाळांची चौकशी करत असतात. भोवती घोळका उभा असतो, पण खाली काय चाललंय ते त्या दोन हातांनाच ठाऊक. म्हणून या सौद्यात खोटेपणा करणाऱ्याला बाजारात पुन्हा उभं करत नाहीत.

जालमभाऊकडे त्या दिवशी एक खिलारी जोडी होती. मला ती पाहताक्षणी आवडली होती, म्हणून मी तोंड कडू करून उभा होतो. रुमालाखाली त्याने माझी बोटं धरली. मला तीन लागली. जालमभाऊ इतक्या स्वस्तात द्यायला तयार आहे म्हणजे त्याच्या घरी काहीतरी अडचण असणार, असा विचार करून मी लगेच मान हलवली, रुमाल खांद्यावर टाकला. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, चार.

"तीन बोटं व्हतात," मी म्हणालो.

"चार व्हतात."

"करंगळी तू धरीच नई."

"धरी व्हती. करंगळी तुन्ही शे, माले काय इचारस?"

मी भर बाजारात त्याला लबाड म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग तरातरा निघालो आणि चार पावलांवर, जिथे दगड नव्हता, खड्डा नव्हता, शेणसुद्धा नव्हतं, अशा सपाट जमिनीवर तोंडघशी पडलो. जी जोडी घेतली नाही तिच्याच पायांत. बाजार हसला. मला उठवायला पुढे आला तो जालमभाऊच.

"सुकदेव, भांडण नंतर कर," तो म्हणाला. "पहिले तुन्हा पाय देख. गुडघा वर उचलीसन चालस, पंजा खाले लोंबस. असा बैल कोनी फुकटमा दिधा तरी मी नको म्हनसू."

मी त्याचा हात झटकला. पण माणूस धंद्यातला आहे. जनावराच्या चालीबद्दल तो उगाच बोलत नाही. घरी जाऊन चपला उलट्या करून पाहिल्या, तर दोन्ही अंगठ्याकडे झिजल्या होत्या, टाचा नव्या कोऱ्या. मी रोज शेकडो खुरं उचलून पाहतो. स्वतःच्या चपला कधी पाहिल्या नव्हत्या.

डॉक्टर, डॉक्टर आणि एक तेलवाला

पहिल्या डॉक्टरांनी साखर तपासली. साखर नव्हती. तरी त्यांनी माझं गूळ-साखर बंद केलं, बहुधा हात हलवत परत पाठवायला नको म्हणून. दुसऱ्याने कमरेची गादी सरकली असं सांगून पट्टा बांधायला दिला. तिसऱ्याने इंजेक्शनं दिली. विसरवाडीच्या हायवेवर ट्रकवाल्यांच्या नसा बसवणारा एक जण आहे, त्याच्याकडेही गेलो. त्याने पोटरी दाबली, डोळे मिटले आणि एक तेलाची बाटली पुढे केली. घासाघीस करून मी ती निम्म्यात घेतली. पायांना काही झालं नाही. माझ्या बैलांची शिंगं मात्र त्या तेलाने अशी चमकतात की गिऱ्हाईक लांबून येतं.

दरम्यान शर्टाची बटणं लागेनाशी झाली. बायको सुशीला काही न बोलता लावून द्यायची. आदल्या दिवशी भांडण झालेलं असलं तर ती एक काज सोडून लावायची आणि मी तसाच, एक खांदा वर एक खाली, बाजारभर फिरायचो. शेवटी तिनेच सगळ्या शर्टांना टिचबटणं बसवून घेतली. कोणाला बोटांचा त्रास असेल तर हे आधी करा. औषधापेक्षा यात जास्त सुख आहे.

मग मुलगी म्हणाली, सुरतला चला. भावना लोणखेड्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करते. तिचं ऐकण्याची मला सवय नाही, पण त्या आठवड्यात मी घरातल्या ओट्यावरून दोनदा पडलो होतो.

झटके

सुरतेच्या दवाखान्यात नसांची तपासणी असते. हातापायांना तारा लावतात आणि विजेचे झटके देतात. मी आधीच विचारलं, किती देणार? तो पोरगेला तंत्रज्ञ म्हणाला, लागतील तेवढे. मी म्हणालो, ठरवून सांग, दोन्ही पायांचे मिळून किती, आणि डाव्या हाताचे सोडून दे.

"काका," तो म्हणाला, "ये सब्जीमंडी नहीं है."

त्याने झटका दिला. मला काही वाटलं नाही. त्याने यंत्र वाढवलं. "लगा?" नाही लागलं. आणखी वाढवलं. मला आतून बरं वाटत होतं, याला वाटलं असेल म्हातारा ओरडेल, आता बघ म्हणावं कोणत्या मातीचा आहे. मग माझ्या लक्षात आलं की तो पोरगा बोलायचा थांबला आहे. यंत्राकडे पाहत होता, माझ्या पायाकडे पाहत होता आणि माझ्या तोंडाकडे पाहायचं टाळत होता. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. त्याआधी नुसता राग येत होता. रागाची मला सवय आहे.

हात न मिळणं

डॉक्टरीणबाई मूळच्या नाशिककडच्या, म्हणून बोलणं मराठीत झालं. त्यांनी माझे मोजे काढायला लावले. उंच कमान झालेला तळवा, वाकडी बोटं आणि खाली बारीक होत गेलेल्या पोटऱ्या पाहिल्या आणि विचारलं, "वडिलांचे पाय असेच होते का?"

"वडिलांवर जाऊ नका," मी म्हणालो.

"जावं लागेल," त्या म्हणाल्या आणि रक्ताची एक महागडी तपासणी लिहून दिली. मी त्यावरही घासाघीस केली. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. अशा माणसाशी सौदा करणं फार अवघड.

अहवाल आला त्या दिवशी सुशीला आणि भावना बरोबर होत्या. बाईंनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. आपल्या प्रत्येक पेशीत शक्ती तयार करणारे लहान लहान कण असतात. भावनाच्या पुस्तकात ते शेंगदाण्यासारखे, सुटे सुटे काढलेले आहेत. खरं म्हणजे ते एका जागी बसत नाहीत. फिरतात, एकमेकांना भेटतात, जुळून एक होतात, एकाचं बिघडलेलं असेल तर दुसऱ्याकडच्या मालाने भरून काढतात आणि पुन्हा वेगळे होतात. या जुळण्यासाठी त्यांच्या अंगावर एक प्रथिन असतं, मायटोफ्युजिन. एकाचं प्रथिन दुसऱ्याच्या प्रथिनाला धरतं, मग दोघं जवळ येतात.

"म्हणजे हात मिळवतात," मी म्हणालो.

"हो. तुमच्या शरीरात ते प्रथिन बनवण्याचे दोन साचे आहेत. आईकडचा चांगला, आणि वहिनींनी सासऱ्यांचं सांगितलं त्यावरून, वडिलांकडचा बिघडलेला. त्यामुळे बऱ्याच वेळा हात नीट मिळत नाही. कण तुटके, दुबळे राहतात. आणि त्यांना लांबचा प्रवासही झेपत नाही."

"कुठला प्रवास?"

"कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. तेवढी लांब एकच पेशी असते."

एकच पेशी एवढी लांब असते यावर मी विश्वास ठेवायला तयार नव्हतो. भावना म्हणाली, असते, पप्पा. मग मला समजलं. आमच्या शिवारात विजेची लाइन लांब जाते आणि दाब कमी झाला की सगळ्यात शेवटच्या शेतातली मोटर आधी बंद पडते. पाय म्हणजे शेवटचं शेत. त्यानंतर हात. माझी करंगळी जालमभाऊने धरली होती, मला कळलं नव्हतं.

बाई पुढे म्हणाल्या की असंच जुळवण्याचं काम करणारं दुसरं एक प्रथिन बिघडलं तर काही घराण्यांत पायांऐवजी डोळे अधू होतात. बाकीच्या आजारांतही या जुळण्या-तुटण्याचा हात आहे का, यावर जगभर अभ्यास चालू आहे. मी म्हणालो, ते जगाचं राहू द्या, माझं औषध लिहा.

"या आजारावर सध्या औषध नाही."

"थोडं तरी असेल."

"नाही."

"महाग असलं तरी चालेल."

"सुकदेवभाऊ, नाही."

माझ्या उभ्या आयुष्यात मला काहीही न विकणारा हा पहिला माणूस. समोरच्याने काही मागितलं तर मी ते कमी करू शकतो. त्याने काहीच मागितलं नाही तर मी काय करू? परतीच्या गाडीत नवापूर येईपर्यंत मी बोललो नाही. सुशीलाने भावनाला हळूच विचारलं, यांना बोलायचीही अडचण येते का या आजारात.

दिनक्रम

औषध नाही म्हणजे काही नाही असं नाही. हे मला फार उशिरा समजलं, म्हणून ठळक सांगतो. बुटाच्या आत घालायचे प्लास्टिकचे पट्टे मिळतात, पायाच्या मापाने बनवून. ते घातले की पंजा लोंबत नाही. ते घालून पहिल्यांदा बाजाराच्या फाटकापासून दावणीपर्यंत न अडखळता गेलो, तेव्हा मला कोणाशी तरी भांडावंसं वाटलं, इतकं बरं वाटलं.

व्यायाम शिकवणारी मुलगी पायाच्या बोटांनी गोट्या उचलायला लावते. मी अमुक गोट्या म्हणतो, ती तमुक म्हणते, आम्ही मधे कुठेतरी ठरवतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिच्याच आकड्यावर येते. आंघोळीच्या पाण्यात पाय घालण्याआधी कोपर बुडवून पाहायचं, कारण पायाला चटका कळत नाही. सकाळी तळवे आरशात पाहायचे, काटा रुतलेला असतो आणि पत्ता नसतो. हे सगळं सुशीला माझ्यावर ओरडून करवून घेते. तिचा आवाज आता माझ्याहून मोठा झाला आहे. हाही आजाराचाच परिणाम समजतो.

जालमभाऊ

त्याची माफी मागणं भाग होतं. मी निरोप पाठवला की घरी ये, चहा घे, मोकळं होऊ. त्याचा उलट निरोप आला, "बाजारमा बोलना, बाजारमाच माफी मागानी." मी कळवलं, बाजाराच्या बाहेर, रेल्वे स्टेशनाच्या कोपऱ्यावर. तो म्हणाला, दावणीपाशी, घोळक्यात. शेवटी बाजाराच्या कडेला चहाच्या टपरीवर ठरलं. आवाज मध्यम.

मी त्याला सगळं सांगितलं. पेशी, कण, न मिळणारे हात. तो बशीत चहा ओतून ऐकत होता.

"म्हंजे मी चार धऱ्यात," तो म्हणाला.

"चार."

"जरा मोठा बोल."

"चार," मी मोठ्याने म्हणालो. टपरीवरचे सगळे वळून पाहायला लागले. तो समाधानाने चहा प्याला. मग त्याने माझं मनगट दाबलं आणि विचारलं, हे समजतं का. समजतं. म्हणून आता आमच्या दोघांत करंगळीऐवजी मनगट चालतं. बाकीच्या व्यापाऱ्यांनाही त्यानेच सांगितलं. सांगताना माझ्या पडण्याचा किस्सा तो दर वेळी थोडा वाढवतो. ते मी सोसतो आहे.

काका

आता मुख्य गोष्ट. बाईंनी सांगितलं होतं, हा बिघाड प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी निम्मी. मला मूल एकच. घरी आल्यावर मी भावनाला अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. परत यायला लावलं. मग टाचांवर.

"पप्पा," ती म्हणाली, "दात पण बघता का?"

मला तिच्या चालीत काही दिसलं नाही. पण माझ्याही चालीत मला काही दिसलं नव्हतं. मी सुरतला फोन लावला आणि मुलीचं रक्त तपासून टाका म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, ती सज्ञान आहे, तपासायचं की नाही ते ती ठरवेल, तुम्ही नाही. मी चिडलो. भावना चिडली नाही. ती म्हणाली, ठरवायच्या आधी मला कळायला हवं, आपल्या घरात कोणाला, कितव्या वर्षी, किती झालं. डॉक्टर तेच विचारतात आणि मला फक्त तुमचं सांगता येतं.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटी ते ओट्यावरच बसून असत, वात आहे असं घरात म्हणायचे. त्यांच्याबद्दल सांगू शकेल असा एकच माणूस, शेजारच्याच घरात राहणारे आणि त्यांना एकदा सुरतला दाखवून आणलेले थोरले काका. काका ऐंशीच्या घरातले. घरातही पायातले बूट काढत नाहीत, जेवायलासुद्धा नाही. आम्ही ती त्यांची ऐट समजायचो. गुडघे उचलून चालायची आमच्या घराण्याची रीत आहे, घोड्यासारखी, असं ते लग्नाकार्यात लोकांना सांगायचे आणि आम्ही पोरं मुद्दाम तसं चालून दाखवायचो.

आम्ही तिघं गेलो. काका खाटेवर होते, काकू सुपात तांदूळ निवडत होत्या.

"काका," मी विचारलं, "दादाले तुमी सुरतले लई गया व्हतात. डाक्टर काय बोलना व्हता?"

"वात शे म्हने."

"वात कसाना," काकू सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "त्यानी सांगं व्हतं, हाई रगतमा शे, पोरेसले दखाडाले लई या."

"तू गप बठ," काका म्हणाले.

"गपच बठेल शे. लगीन व्हयनं तवयपासून."

मग काका माझ्यावरच उखडले. "सांगं असतं तं तुले पोर कोन देतं? तुन्ही सुपारी फुटेल व्हती." आणि त्यांनी सुशीलाकडे बोट केलं.

सुशीलाने पदर सावरला. "माले इचारी लेतात ना मंग," ती म्हणाली.

"इचारं असतं तं काय करतीस?" मी विचारलं. मला खरंच ऐकायचं होतं.

"लगीन करतू," ती म्हणाली. "पन भाव पाडीसन."

काकू हसल्या. मलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. आमच्या बाजारात जनावराची खोड आधी सांगावी लागते. मारका असेल, जुवाखाली बसणारा असेल, डोळा अधू असेल, रुमाल टाकायच्या आधी सांगायचं. मग घेणारा घेतो किंवा सोडतो. खोडीसकट घेतलेली जनावरं मी पाहिली आहेत, चांगली सांभाळलेली. लपवलेली मात्र परत येतात, भांडणासकट. बैलाबद्दल एवढा नेम पाळणारे आम्ही, आणि घरातल्या लेकरांबद्दल नाही.

भावना खाटेजवळ जाऊन बसली. "मोठे बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला कधीपासून? मला फक्त तेवढं सांगा. दादांचं पण सांगा. मी कोणाला काही म्हणणार नाही."

काकांनी पायांवर गोधडी ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. "मन्हा पायले काही व्हयेल नई," ते भिंतीला म्हणाले.

ती मग उठली. परत येताना मी तिच्या पावलांकडे पाहायचं नाही असं ठरवून रस्त्यावर नजर ठेवली. ते जमलं नाही.

तेव्हापासून ती थांबली आहे. रक्त द्यायचं की नाही, पुढचं शिक्षण कुठलं घ्यायचं, स्वतःचं घर कसं मांडायचं, सगळं थांबलं आहे. मी तिला सांगितलं, माझं पाहून ठरव. ती म्हणते, एकाच माणसाचं पाहून मला काय कळणार?

म्हणून हे लिहिलं आणि छापायला दिलं. काका, तुम्हाला वाचून दाखवायला काकू आहेत. माझं लग्न झालं, संसार झाला, माझा हिशोब मी सोडून देतो, आणि सोडून देणं मला किती जड जातं हे तुम्हाला ठाऊक आहे. पण डॉक्टरने पोरांना घेऊन या म्हणून सांगितलं, तेव्हा तुम्ही आम्हाला का नेलं नाही? कोणाकोणाचे पाय गेले आणि कितव्या वर्षी? दादांना स्वतःला हे ठाऊक होतं का? मला उत्तर देऊ नका. भावना रविवारी पुन्हा तुमच्याकडे येणार आहे. भिंतीकडून तोंड फिरवा आणि तिला उत्तर द्या.